नारळ, केबल आणि डोळ्यांवरची पट्टी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत दुसरी बोअर घ्यायचं ठरलं. टँकरचा खर्च हाताबाहेर चालला होता, त्यामुळे सभेत कुणी विरोध केला नाही. जागा दाखवायला पुरंदर तालुक्यातून एक पाणाडी आले. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला पांढरी टोपी, पायात जाड वहाणा. त्यांनी तळहातावर नारळ आडवा धरला आणि पार्किंगच्या कडेकडेने सावकाश चालायला सुरुवात केली. जनरेटरच्या खोलीपाशी आले आणि नारळ हातावर उभा राहिला. सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढले. बाबा पुढे गेले, मागे आले, पुन्हा त्याच जागी नारळ उभा. कुणीतरी तिथे चुन्याची फक्की टाकली.

मी पुण्यात चोवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. समोर काही घडलं की ते दुसऱ्यांदा, जरा वेगळ्या परिस्थितीत घडवून बघावं, ही सवय हातात मुरलेली आहे. मी बाबांना विचारलं, "बाबा, डोळे बांधून एकदा दाखवाल का? मी हात धरून चालवतो. नारळ पुन्हा इथेच उभा राहिला तर मजा येईल."

बाबा काही बोलायच्या आत आमचे अध्यक्ष पुढे झाले. "सर, हा श्रद्धेचा विषय आहे. ते एवढ्या लांबून आलेत, त्यांचा अपमान नको."

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "अपमान कसला त्यात? बांधा की डोळं. मास्तर इचारतोय तर दाखवू की."

पण बाबांचे डोळे काही बांधले गेले नाहीत. कमिटीने त्यांना चहाला आत नेलं, मानधनाचं पाकीट दिलं आणि रिक्षा बोलावली. तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. फक्कीच्या जागी दोनशे साठ फुटांवर पाणी लागलं. अध्यक्ष मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "बघा सर."

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळते आहे. ज्याच्या श्रद्धेचा प्रश्न होता तो माणूस तपासणीला तयार होता. नको म्हणाले ते बाजूला उभे असलेले लोक. आपल्याकडे 'हा श्रद्धेचा विषय आहे' हे वाक्य बहुतेक वेळा श्रद्धावान माणूस बोलत नाही, त्याच्या वतीने दुसरंच कुणी बोलतं. आणि हे वाक्य उच्चारलं की शाळेत, कॉलेजात, कचेरीत, सोसायटीत मोजमाप थांबतं. ते थांबू नये, आणि ते थांबू न देण्याचं काम सगळ्यात आधी आम्हा शिक्षकांचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

पाणी लागलं याचा अर्थ काय, ते आधी बघू. आपण बेसॉल्टवर राहतो. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा दगड झाला. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या पोकळ भागात. अशा जमिनीत पुरेसं खोल गेलं की थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं. त्यामुळे 'लागलं' म्हणून नारळ खरा ठरत नाही, आणि लागलं नसतं तरी नारळ खोटा ठरला नसता. फक्कीपासून वीस फुटांवर दुसरं भोक पाडलं असतं तर तिथे काय मिळालं असतं, हे कळल्याशिवाय काहीच ठरत नाही. दोन लाखांचं दुसरं भोक कोण पाडणार? म्हणून तर डोळ्यांवरची पट्टी. पट्टी फुकट असते.

आणि माझा प्रश्न बाबांना खोटं पाडण्यासाठी नव्हताच. पन्नास वर्षं जमीन बघितलेल्या माणसाला उतार कळतो, ओल धरणारी माती कळते, उन्हाळ्यातही हिरवं राहणारं झुडूप कुठे आहे ते कळतं. हे सगळं डोळ्यांतून आत जातं आणि बोटांतून नकळत बाहेर येतं. नारळ हलवणारा हात आपला आपल्यालाच जाणवत नाही. बाबा लबाड नव्हते, ते त्यांच्याशी दोन मिनिटं बोलणाऱ्या कुणालाही कळलं असतं. मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की ज्ञान नारळात आहे की बाबांच्या डोळ्यांत. डोळ्यांत असेल तर ते केवढं मोठं ज्ञान आहे! ते लिहून ठेवायला हवं, मुलांना शिकवायला हवं. आपण तपासलं नाही आणि बाबांच्या आयुष्यभराच्या निरीक्षणाचं श्रेय एका नारळाला देऊन मोकळे झालो. अपमान झाला असेल तर तो इथे झाला.

पाणाड्यांची अशी तपासणी जगात झालेली आहे. १९९० साली जर्मनीतल्या कासल शहरात तीस जणांना बोलावून जमिनीखाली अर्ध्या मीटरवर पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, ते ओळखायला सांगितलं होतं. चाचणी न्याय्य आहे हे त्यांनी आधी मान्य केलं होतं. निकाल नाणं उडवून आला असता तितकाच आला. आपल्या इथे दुसरा मार्गही हाताशी आहे. चार लोखंडी सळया एका रेषेत समान अंतरावर ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधलं व्होल्टेज मोजायचं. ओल्या, भेगाळलेल्या दगडाचा रोध कमी येतो, घट्ट काळ्या पाषाणाचा जास्त. सळयांमधलं अंतर वाढवत गेलं की अधिकाधिक खोलवरचं चित्र मिळतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना समजेल असा हा ओहमचा नियम आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय तर पुण्यातच आहे. हीही पद्धत चुकते. पण ती किती चुकते, हे सांगता येतं.

आता प्रयोगशाळेतली गोष्ट सांगतो, कारण डोळ्यांवरची पट्टी मी तिथेच शिकलो.

माझा एक विद्यार्थी ऑडिओचा वेडा. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत फिरून त्याने सुटे भाग जमवले, स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बांधला, आणि तो खरोखर चांगला झाला होता. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने स्पीकरची महागडी केबल घेतली. तीन मीटरला त्याने मोजले तेवढ्या पैशांत आमच्या कॉलेजची एका सत्राची फी भरता आली असती. "सर, आवाज मोकळा झाला. गायिकेचा श्वास ऐकू येतो." मी म्हटलं, आण.

दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या साध्या वायरचा रोध मीटरला साधारण बारा मिलिओहम. जायचे तीन मीटर आणि यायचे तीन मीटर धरले तरी शून्य दशांश शून्य सात ओहमच्या आसपास. समोर आठ ओहमचा स्पीकर. फरक कानाला कळावा असं त्यात काही नाही. पण हे गणित मी त्याला सांगितलं नाही. गणिताने माणसाचे कान ऐकत नाहीत. आम्ही एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावला, दोन्ही केबली पडद्यामागे नेल्या, आणि कुठली जोडायची ते दुसऱ्या मुलीने नाणं उडवून ठरवायचं. नाणं उडवणारी दुसऱ्या खोलीत, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळायला नको. सोळा वेळा ऐकायचं. सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर आले तर मानायचं की त्याला फरक कळतो, कारण नुसत्या अंदाजाने एवढे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी. हे सगळं आधी फळ्यावर लिहिलं आणि त्याने त्याखाली सही केली.

त्याचे नऊ बरोबर आले.

तो बराच वेळ गप्प बसला. मग उठून त्याने आपण होऊन स्पीकरची जागा भिंतीपासून दोन फूट पुढे आणली आणि पुन्हा गाणं लावलं. खालचा गढूळपणा गेला. हा फरक वर्गातल्या प्रत्येकाला कळला, पडद्याआडूनही. नवी केबल जोडण्यासाठी घरी त्याने स्पीकर पुढे ओढले होते, आणि 'मोकळा झालेला' आवाज तिथून आला होता! त्याला खरंच काहीतरी ऐकू आलं होतं. त्याचं कारण तेवढं चुकलं होतं.

त्या दिवशी कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. मुलगा माझ्यावर रागावला नाही, उलट त्याने तो रिलेचा डबा नीट पेटीत बसवून कॉलेजला दिला. पुढच्या वर्षीच्या मुलांपैकी एकीने त्याच डब्याकडे बघत विचारलं, "सर, घराचं वास्तू बघायला एक जण अँटेना घेऊन येतात. दोन दांड्या उघडतात आणि म्हणतात इथे निगेटिव्ह ऊर्जा आहे. ती पण अशी तपासता येईल?" प्रश्न उत्तम होता. ऊर्जा म्हटली की ती मोजायचं एकक हवं, आणि अँटेना म्हटली की तिची फ्रीक्वेन्सी हवी. आम्ही प्रकल्पाचा आराखडा केला. तो वरून परत आला. 'विषय संवेदनशील आहे, दुसरा निवडावा.' केबलवर शंका घेतली तर तो प्रकल्प, अँटेनावर घेतली तर संवेदनशील. दोन्हीकडे तार आहे, दावा आहे, पैसे घेणारा माणूस आहे. मुलीने मला विचारलं, फरक काय? तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि शिक्षक म्हणून मला त्याची फार लाज वाटली.

वास्तविक या गावाने अशा तपासणीचा नमुना जगाला दिलेला आहे. जयंत नारळीकरांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली, ती इथेच. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बरोबर होते, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ होते. शाळांमधून दोनशे मुलांचे जन्मतपशील गोळा केले. शंभर मुलं अभ्यासात अतिशय हुशार, शंभर मतिमंद. पत्रिका बनवून मिसळल्या. ज्योतिषांना आवाहन केलं की प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवतो, कुठली कुणाची ते सांगा. एक्कावन्न जणांनी मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी आली चाळीसात १७.२५. नाणं उडवलं असतं तर वीस आली असती. सर्वांत चांगला निकाल चोवीस. एका संस्थेने पूर्ण दोनशे पत्रिका तपासल्या, तिचे १०२ बरोबर आले.

या चाचणीतली मला सर्वांत भावणारी गोष्ट तिची सभ्यता आहे. त्यात कुणाची टर उडवलेली नाही. कुठल्या पत्रिका कुणाच्या हे चाचणी घेणाऱ्यांनीही आकड्यांच्या कुलपात ठेवलं होतं. माझ्या रिलेच्या डब्यात आणि त्या दोनशे पत्रिकांत तत्त्व एकच आहे. आपल्याला काय हवंय हे आपल्या हाताला कळू द्यायचं नाही.

मी आठवड्यातून चार दिवस धावतो, बहुतेक वेळा वेताळ टेकडीवर. शंका दुसऱ्यावर घेणं सोपं असतं, स्वतःच्या यंत्रावर घेणं अवघड, हे मला धावताना कळलं. मनगटावरच्या घड्याळात हिरवे एलईडी असतात, त्यांचा प्रकाश कातडीत शिरतो, रक्ताच्या लाटेप्रमाणे कमीजास्त परत येतो आणि फोटोडायोड ते मोजतो. एके दिवशी खाणीच्या बाजूला मी मित्राशी गप्पा मारत सावकाश धावत होतो आणि घड्याळ सांगत होतं, नाडी १७२. थांबलो, मानेवर बोटं ठेवली, पंधरा सेकंद मोजले, पस्तीस ठोके. म्हणजे १४०. मग पावलं मोजली, ती मिनिटाला बरोबर १७२! हात हलतो, त्याबरोबर पट्टा हलतो, आणि घड्याळ नाडीऐवजी पावलांच्या तालाला धरून बसतं. आकडा होता, अगदी नेमका होता, आणि तो दुसऱ्याच गोष्टीचा होता. तेव्हापासून मी मुलांना सांगतो, मीटर दिसला म्हणून विज्ञान झालं असं समजू नका. मीटर काय मोजतोय ते आधी विचारा.

हे सांगायचं कारण आपल्या गावचा सगळ्यात मोठा आवाज.

विसर्जन मिरवणुकीत सीओईपी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी कित्येक वर्षं लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत उभे राहून आवाज मोजत आलेत, आणि बहुतेक वर्षी सरासरी नव्वद डेसिबलच्या वरच गेली आहे. या मुलांचं मला मनापासून कौतुक वाटतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. डेसिबल लॉगॅरिदमिक असतात, दर तीन डेसिबलला ध्वनीची शक्ती दुप्पट होते. पण मला जास्त काळजी वाटते ती मीटरवर न दिसणाऱ्या आवाजाची. कायद्यातलं मोजमाप 'ए' मापनाने होतं. आपले कान हळू आवाजात खर्ज कमी ऐकतात, म्हणून या मापनात खालचे स्वर मुद्दाम वजा केलेले असतात. ६३ हर्ट्झला हा मीटर २६ डेसिबल वजा करून दाखवतो. डीजेच्या भिंतीतून निघणारा ठोका नेमका तिथलाच असतो. म्हणजे छातीवर ११५ डेसिबलचा ठोका पडत असताना, त्या ठोक्याचा हिशेब मीटर ८९ दाखवणार. मीटरच्या कडेलाच 'सी' असं दुसरं बटण असतं, तिथे एवढा खर्ज जवळपास पूर्ण मोजला जातो. ५० हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे सात मीटर लांब असते. ती कोपऱ्यावरून वळते, भिंतीतून जाते, खिडकीचं तावदान हलवते. पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली आजी 'काळीज हलतंय' म्हणते ते अगदी शब्दशः खरं आहे, आणि ते कागदावर येत नाही. दोन्ही बटणांवरचे आकडे नोंदवावेत आणि जाहीर करावेत, एवढी साधी मागणी आहे. तिला खर्च शून्य.

माझे काही विद्यार्थी ढोलपथकांत आहेत. गुणी मुलं, दोन महिने नदीकाठी सराव करतात. अनंत चतुर्दशीनंतरच्या तासाला मी सिग्नल जनरेटरवर ४ किलोहर्ट्झचा सूर हळू लावला. गोंगाटाने कान बिघडायला लागतात ते बहुधा याच पट्ट्यापासून. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, सूर आहे का नाही कळत नाही. माझ्या कानात आधीच शिट्टी वाजतेय." तो एकोणीस वर्षांचा आहे. कानातल्या शंखात जन्मतः पंधरा हजारांच्या आसपास सूक्ष्म केसपेशी असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कामगारांसाठीची अमेरिकेतल्या नायोश संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत वडिलांच्या खांद्यावर बसलेलं तीन वर्षांचं मूल स्पीकरच्या भिंतीसमोर किती वेळ असतं, ते आपण सगळे बघतो. मी गणपती बसवणाऱ्या घरातला आहे. आरतीला टाळ धरतो. त्या मुलाच्या कानाची काळजी म्हणजे धर्माला विरोध, असं कुणी म्हणालं की मला अतिशय वाईट वाटतं.

'फक्त आमच्याच सणांना का?' हा प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. नियम सगळ्यांना एकच आहे, भोंगा मशिदीवरचा असो, मांडवातला असो की लग्नाच्या वरातीतला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, इतरांची शांतता भंग करून ध्वनिवर्धकावर प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही, असा निर्वाळा दिला तो चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात. मुळात मीटरला धर्म कळत नाही, म्हणूनच तो सगळ्यांच्या उपयोगाचा.

दुसरा आक्षेप मला जास्त खोल वाटतो. माणसाला आधार लागतो, सगळंच मोजायचं नसतं. खरं आहे. माझी आई रोज संध्याकाळी गच्चीवरच्या तुळशीपाशी दिवा लावते. वडील गेल्यापासून त्या दिव्यापाशी ती जरा जास्त वेळ थांबते. तिथे माझा मीटर कधी जाणार नाही, कारण तिथे दावाच नाही. ती कुणाला काही विकत नाही, कुणाचं औषध बंद करत नाही, शेजाऱ्याची झोप मोडत नाही. भाव आणि दावा यांत फरक आहे. भावाला हात लावायचा मला अधिकार नाही. दावा मात्र जगाबद्दल असतो. अमुक केल्याने आजार बरा होतो, जमिनीत पाणी सापडतं, पीक वाढतं. असा दावा केला की तो केबलच्या शेजारी येऊन बसतो, आणि त्याला तीच सोळा वेळांची चाचणी.

त्याच गच्चीवर अशी एक चाचणी झाली. अग्निहोत्राच्या राखेने भाजी जोमाने येते असं आईच्या मैत्रिणीने सांगितलं. आई म्हणाली, तूच बघ करून. बारा कुंड्यांत मेथी पेरली, सहांत ती राख, सहांत साधी गोवरीची. कुठल्या कुंडीत कुठली हे बायकोने लिहून कपाटात ठेवलं. पहिल्या खेपेला एका राखेची मेथी ठळकपणे सरस आली, आणि मी आईला तसं सांगणारही होतो. मग लक्षात आलं की त्या सहाही कुंड्या भिंतीलगत होत्या, दुपारच्या सावलीत. दुसऱ्या खेपेला कुंड्या आलटून पालटून ठेवल्या. जुड्या तराजूवर तोलल्या, दोन्हीकडे सारख्याच. आईने वजनं ऐकली, "बरं," म्हणाली, आणि मेथी निवडायला बसली. तिची श्रद्धा कुठे उणी झाली नाही.

बागेतली ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. श्रीपाद दाभोलकर कोल्हापूर भागात गणित शिकवत, आणि त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. द्राक्षबागायतदारांना त्यांनी सांगितलं की कुणाच्याही शब्दावर जाऊ नका, आपल्या बांधावर करून बघा, नोंदी ठेवा, एकमेकांना दाखवा. साधे शेतकरी स्वतःच्या शेतावर संशोधक झाले. त्यांचेच धाकटे भाऊ नरेंद्र. एका भावाने वेलीला प्रश्न विचारले, त्यासाठी महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. दुसऱ्याने तसेच प्रश्न बुवाला विचारले.

रविवारी लांब पल्ल्याला मी टेकडी सोडून नदीकाठाने जातो. ओंकारेश्वराजवळचा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल वाटेत लागतो. २० ऑगस्ट २०१३ ला, मंगळवारी सकाळी, नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले असताना तिथे त्यांना गोळ्या घातल्या. माझ्यासारखेच, व्यायामाला निघालेले. ते डॉक्टर होते, कबड्डीपटू होते, देव मानू नका असा आग्रह त्यांनी कधी धरला नाही. वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर चार दिवसांत अध्यादेश म्हणून मंजूर झाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. १० मे २०२४ ला पुण्यातल्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. त्या पुलावर मी पळत नाही, चालतो. दर वेळी मला त्या विद्यार्थिनीचा परत आलेला आराखडा आठवतो. बंदूक आणि 'विषय संवेदनशील आहे' हा शेरा यांची मी बरोबरी करत नाही. पण अशा शेऱ्यांनी शांतता अशी तयार होते, की पुढे एखादा माणूस प्रश्न विचारताना अगदी एकटा पडतो. दाभोलकर एकटे पडले ते आमच्यासारख्या सुशिक्षितांच्या या सवयीमुळे, हे मला मान्य करावंच लागतं.

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात लिहिलं गेलं. आमच्या अभ्यासक्रमात ते एका धड्याचं नाव आहे. मुलं त्यावर पाच गुणांचं उत्तर लिहितात आणि परीक्षेला जाताना दही-साखर खातात. दह्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार ही आहे की आम्ही त्यांना एकदाही स्वतःच्या एखाद्या समजुतीवर पट्टी बांधून बघायला सांगितलेलं नाही. प्रयोगवहीत उत्तर आधीच छापलेलं असतं, मुलं आकडे त्याला जुळवून घेतात. वर्षातून एक प्रयोग असा हवा की ज्याचं उत्तर शिक्षकालाही माहीत नाही. विषय मुलांनी निवडावा, घरातून आणावा, आणि त्यातला कुठलाही 'संवेदनशील' म्हणून परत जाऊ नये. अट एकच, चाचणी कशी करायची ते दावा करणाऱ्याला आधी दाखवायचं आणि त्याची संमती घ्यायची.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते. ऑसिलोस्कोपला झेंडूचा हार घालतात, मीही हात जोडतो, कारण त्या यंत्रांवर माझं पोट आहे. गेल्या वर्षी मी एक गोष्ट जास्तीची केली. आदल्या दिवशी मुलांना घेऊन सगळ्या टेबलांचं अर्थिंग मोजलं. अकरापैकी तीन टेबलांची तार तुटलेली निघाली. किती वर्षं तशी होती कोण जाणे, आणि दर वर्षी त्याच टेबलांवर आम्ही कुंकू वाहत होतो. मुलांनी तारा जोडल्या, पुन्हा मोजलं, मग हार घातले. हळद-कुंकू यंत्राच्या जाळीत जाऊ नये म्हणून खाली केळीचं पान ठेवायची कल्पना त्यांचीच.

पुरंदरच्या बाबांचा नंबर मी अध्यक्षांकडून घेतला होता. दिवाळीत फोन केला. म्हटलं, कॉलेजच्या मैदानात सहा नळ पुरतो, वीतभर खोल. कुठल्यातून पाणी सोडायचं ते मुलं नाणं उडवून ठरवतील, तुम्ही नारळाने ओळखायचं, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग बांधून. जाण्यायेण्याचा खर्च माझा. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलांना टेकडीवर न्यायचं आणि जमीन कशी बघायची ते शिकवायचं, निकाल काहीही लागो.

बाबा म्हणाले, "ज्वारी काढून झाली की येतो मास्तर. नारळ तुमी आणू नका, मी माझा आणतो."

नळ आणून ठेवलेत. व्हॉल्व्ह अजून दोन कमी आहेत, या शनिवारी पेठेतून आणायचे.